प्रकल्प नोंदी : नैर्ऋत्य इंग्लंडमधील काँक्रीटची अपारंपरिक घरे, त्यांची ओळख आणि त्यांचे दोष

१३ जानेवारी २०२५

आजपासून एका गृहनिर्माण संस्थेच्या जुन्या घरांची पाहणी सुरू झाली. डेव्हन आणि कॉर्नवॉलमधील या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर संस्थेला उष्णतारोधक आवरण चढवायचे आहे आणि निधी मंजूर होण्यापूर्वी भिंत नेमकी कशाची आहे, हे तिला लेखी हवे आहे. हाती आलेल्या नोंदवहीत मात्र कितीतरी घरांपुढे ‘अपारंपरिक, काँक्रीट’ एवढाच शेरा आहे. एवढ्यावर कोणताही निर्णय घेता येणार नाही, हे मी पहिल्याच बैठकीत स्पष्ट केले.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये विटा, लाकूड आणि कसबी गवंडी या तिन्हींचा तुटवडा होता आणि घरे तर लाखोंनी हवी होती. युद्ध चालू असतानाच सर जॉर्ज बर्ट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नव्या बांधकाम पद्धतींची छाननी सुरू केली होती. पुढच्या काही दशकांत निरनिराळ्या कंपन्यांनी आपापल्या पद्धतीची काँक्रीटची घरे स्थानिक कौन्सिलांना, म्हणजे भाड्याने घरे देणाऱ्या तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थांना, बांधून दिली. एअरी पद्धतीची सुमारे २६ हजार, कॉर्निश युनिट सुमारे ३० हजार आणि विम्पी कंपनीची ‘नो-फाइन्स’ घरे तर सुमारे ३ लाख उभी राहिली. यातल्या काही पद्धतींत भार कारखान्यात ओतलेल्या सडपातळ खांबांवर येतो, काहींत मजलाभर उंचीच्या तयार पॅनलांवर, तर काहींत जागेवर साचे लावून ओतलेल्या सलग भिंतीवर. भार कुठून खाली उतरतो आणि लोखंड कुठे आहे, या दोन गोष्टी पद्धतीगणिक बदलतात, आणि दोषही त्याप्रमाणेच बदलतो. म्हणून आधी प्रकार ठरवायचा, मग दोष शोधायचा, असा क्रम या कामासाठी ठरवला आहे.

२० जानेवारी

कॉर्नवॉलमधील पहिली वसाहत पाहिली. येथील घरे ओळखायला वेळ लागला नाही. तळमजल्यावर काँक्रीटचे खांब आणि त्यांच्यामध्ये बसवलेले आडवे तुकडे उघडे दिसतात, आणि वरचा मजला जवळजवळ पूर्णपणे तिरक्या, कौले लावलेल्या छपराच्या आत सामावलेला असतो. हा कॉर्निश युनिटचा पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात दोन्ही मजल्यांच्या भिंती काँक्रीटच्या असतात आणि वर नेहमीचे उतरते छप्पर असते. नोंदवहीने दोन्हींना एकच नाव दिले आहे. पण पहिल्या प्रकारात वरचा मजला लाकडी सांगाड्यावर असल्याने काँक्रीटचे खांब तपासायचे ते तळमजल्यावर, तर दुसऱ्यात थेट वळचणीपर्यंत. त्यामुळे नोंदवहीत दोन वेगळे रकाने करून घेतले.

कोपऱ्याच्या एका खांबाचा पूर्वीच सुटलेला ढपला हातात घेऊन पाहिला. तुटलेल्या कडेवर क्वार्ट्‌झचे टोकदार पांढरे कण होते आणि त्यांच्यात अभ्रकाची बारीक चकाकी होती. येथील चिनी मातीच्या खाणींतून निघणारी टाकाऊ वाळू या काँक्रीटमध्ये वापरली गेली, त्याची ही खूण. ढपल्याच्या मागे गज उघडा पडलेला, आणि त्याच्यावरचे काँक्रीटचे कव्हर एका ठिकाणी अर्ध्या इंचाहूनही कमी. खांबाच्या कोपऱ्याने वरपासून खालपर्यंत जाणारी उभी भेग ही या प्रकाराची नेहमीची तक्रार आहे. गज गंजतो, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो, आणि कव्हर फुटून बाहेर येते. मुंबईत समुद्राकाठी राहणाऱ्यांना हे दृश्य बाल्कनीच्या खालच्या बाजूला पाहून परिचयाचे असेल. रसायन तेच आहे, फक्त येथे ते जेमतेम वीतभर रुंदीच्या आणि घराचा भार पेलणाऱ्या खांबात घडते.

येथे एक गोंधळ मुळातच निस्तरावा लागतो. कॉर्नवॉलमध्ये ‘मंडिक’ नावाचा आणखी एक काँक्रीटदोष सर्वांना ठाऊक आहे. साधारण १९५० पर्यंत खाणीचा दगडी कचरा खडी म्हणून वापरून काँक्रीट ब्लॉक ओतले जात. त्या कचऱ्यातील पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचे ओल आणि हवेमुळे विघटन होते, आणि ब्लॉक आतून भुसभुशीत होतो. त्याची परीक्षा वेगळी आहे : भिंतीतून काढलेल्या गाभ्याचा खडकशास्त्रीय अभ्यास करून अ, ब, क असे वर्ग दिले जातात. कॉर्निश युनिटचा दोष गजाचा आहे, मंडिकचा दोष खडीचा. तरीही आज जुन्या फाइलमध्ये कॉर्निश युनिट घराला जोडलेला मंडिकचा ‘अ’ वर्गाचा दाखला सापडला, आणि त्याच्या आधारे कोणीतरी ‘काँक्रीट उत्तम’ असा शेरा मारलेला होता. खडी निर्दोष असल्याचा तो पुरावा ग्राह्य आहे. खांबातील गजाविषयी तो काहीच सांगत नाही.

२३ जानेवारी

एअरी घरे. लीड्सचे बांधकाम व्यावसायिक सर एडविन एअरी यांची ही पद्धत युद्धानंतर लगेच बाजारात आली. तिचा एकही तुकडा दोन माणसांना उचलता येणार नाही इतका जड नव्हता, क्रेन लागत नसे, त्यामुळे आडवळणाच्या गावांतील कौन्सिलांनीही ही घरे आवडीने घेतली. बाहेरून ओळख सोपी आहे : काँक्रीटच्या फळ्या एकावर एक थोड्या चढवून लावलेल्या दिसतात, लाकडी फळ्यांच्या भिंतीसारख्या. त्या फळ्या भार घेत नाहीत. त्यांच्या मागे साधारण दीडदीड फुटावर उभे केलेले बारीक खांब सगळे घर पेलतात, आणि त्या खांबांच्या पोटात गजाऐवजी लोखंडी नळी आहे.

रिकाम्या असलेल्या एका घरात आज भिंत उघडली. आतल्या बाजूने अस्तराचा बोर्ड काढला, तेव्हा खांबांना फळ्या बांधलेली तांब्याची तार दिसली; ती अजून शाबूत आहे. पहिला खांब डोळ्यांना ठीक वाटला. विजेरी बाजूने तिरकी धरल्यावर नळीच्या रेषेत केसाएवढी उभी भेग दिसली, आणि हातोडीने हलके ठोकल्यावर भेगेच्या एका बाजूचा आवाज पोकळ आला. छिन्नीने तेवढा तुकडा काढून ताज्या पृष्ठभागावर फेनॉल्फथॅलिन या रंग बदलणाऱ्या द्रावणाचा फवारा मारला. निरोगी काँक्रीट अल्कधर्मी असते, त्यामुळे आतले लोखंड गंजत नाही, आणि त्यावर गडद गुलाबी रंग उमटतो. हवेतील कार्बन डायऑक्साइडने ती अल्कधर्मिता संपवली असेल (यालाच कार्बोनेशन म्हणतात) तर रंग येत नाही. येथे नळीपर्यंत सगळा पृष्ठभाग राखाडीच राहिला. नळीच्या पलीकडे, खांबाच्या अगदी मध्यावर, गुलाबी रंगाची एक बारीक पट्टी तेवढी उमटली. मात्र नळीवर गंजाचा थर पातळ होता. त्याच खोलीत खिडकीच्या खालचा खांब उघडला, तर तेथे गंजाचे पापुद्रे हाताने निघत होते आणि तळाशी खांब दुभंगला होता.

एकाच खोलीतील, एकाच साच्यातून निघालेल्या या दोन खांबांतील फरक समजून घेणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कोरड्या जागेत कार्बोनेशन वेगाने होते, कारण वायू कोरड्या छिद्रांतून सहज आत शिरतो. पण गंज चढायला पाणी लागते. अस्तर आणि फळ्यांच्या मध्ये कोरडा राहिलेला खांब अल्कधर्मिता गमावूनही वर्षानुवर्षे उभा राहू शकतो. खिडकीची चौकट गळू लागली, गटार तुंबले किंवा जोत्यापाशी माती चढली की त्याच खांबाचा टिकाव संपतो. म्हणून फवाऱ्याचा निकाल एकटा नोंदवायचा नाही. त्याच्याशेजारी ओलाव्याचे माप आणि पाणी कोठून येते, हे लिहिलेच पाहिजे.

एअरी घरांतील या भेगा पहिल्यांदा लक्षात आल्या त्या १९८० च्या सुमारास, एका जळालेल्या घराची दुरुस्ती करताना. त्याआधी तीस वर्षे हे खांब अस्तरामागे झाकलेले होते आणि ते पाहण्याचे कोणाला कारणच पडले नव्हते.

५ फेब्रुवारी

प्रयोगशाळेतून क्लोराइडचे निकाल आले. क्लोराइडनेही आतले लोखंड गंजते. कार्बोनेशन बाहेरून आत येते, क्लोराइड मात्र बहुधा ओततानाच आत घातलेले असते. थंडीत काँक्रीट लवकर घट्ट व्हावे आणि साचे दुसऱ्या तुकड्यासाठी लवकर मोकळे व्हावेत, म्हणून कारखान्यांत कॅल्शियम क्लोराइड मिसळत. लोखंडयुक्त काँक्रीटमध्ये ते घालण्यावर ब्रिटिश संहितेने १९७७ मध्ये निर्बंध आणले, तोवर या घरांना पाव शतक उलटून गेले होते. सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्क्यापर्यंत क्लोराइड असेल तर धोका कमी, १ टक्क्यापुढे जास्त, अशी विभागणी येथे प्रचलित आहे. आमचे बहुतेक नमुने मधल्या टप्प्यात आहेत. पण एकाच घराच्या शेजारशेजारच्या दोन खांबांत आकडा दुपटीहून अधिक बदललेला आढळला. मिश्रणात पूड फावड्याने टाकली जात असेल, तर प्रत्येक घाण्यात ती सारखी पडण्याची अपेक्षा धरता येत नाही. यास्तव एका खांबाचा नमुना घेऊन अख्ख्या घराला प्रमाणपत्र देणे मी या प्रकल्पात मान्य करणार नाही.

१२ फेब्रुवारी

आजचा दिवस गिलावा केलेल्या घरांचा, आणि ओळखण्याच्या दृष्टीने आतापर्यंतचा सर्वांत अवघड. उत्तर डेव्हनमधील एका रस्त्यावर दोन्ही बाजूंना सारखीच, खडीदार गिलाव्याची, उतरत्या छपराची घरे आहेत आणि नोंदवहीत ती सर्व ‘नो-फाइन्स’ म्हणून लिहिली आहेत. रस्त्यावरून पाहून मलाही दुसरे काही म्हणता आले नसते.

नो-फाइन्स म्हणजे वाळू वगळलेले काँक्रीट : फक्त सिमेंट आणि एकाच मापाची खडी, मजलाभर उंच साच्यांत जागेवर ओतलेली. खडीचे दाणे सिमेंटच्या पातळ लेपाने एकमेकांना चिकटतात आणि मध्ये मोकळ्या जागा राहतात. या जागा मोठ्या असल्यामुळे पाणी केशाकर्षणाने आत ओढले जात नाही, हा या भिंतीचा खरा गुण. भिंतीत लोखंड जवळजवळ नसते, त्यामुळे गज गंजून खांब फुटण्याचा प्रश्न येथे येत नाही. उलट त्याच रस्त्यावर वुलवे पद्धतीची घरे असणे अगदी शक्य होते. ही पद्धत बार्नस्टेपलच्या कंपनीची, म्हणजे येथलीच. तिच्यात तयार खांब आणि त्यांच्यामधले काँक्रीटचे तुकडे असतात, आणि बाहेरून सगळे गिलाव्याने झाकलेले असते. वुलवे हा प्रकार कायद्याने सदोष ठरवलेला, नो-फाइन्स नाही; आणि दोन्हींचे बाह्य रूप एकच.

माळ्यावर चढून त्रिकोणी भिंतींचा आतला भाग पाहिला. तो काही घरांत ब्लॉकचा, काहींत बोर्डाने झाकलेला, त्यामुळे निर्णय होईना. मग प्रत्येक घराच्या मागच्या भिंतीला ठरावीक उंचीवर, पुरेशा अंतराने ओळीत बारीक भोके पाडली आणि ड्रिलच्या टोकाकडे कान दिला. नो-फाइन्समध्ये टोक अडखळत जाते. दाणा लागतो, मग एकदम पोकळीत उडी घेते, मग पुन्हा दाणा, आणि बाहेर येणारा भुगा थोडा व दाणेदार असतो. वुलवेच्या तुकड्यात ते एकसारखे, घट्ट जाते, मग पोकळी लागते, आणि काही फूट सरकून खांबावर आले की पोकळी लागतच नाही. रस्त्याच्या डाव्या बाजूची घरे नो-फाइन्स निघाली. उजव्या बाजूच्या टोकाची सहाही घरे वुलवे निघाली. त्यांपैकी एका घरात गिलाव्यावर उभ्या, सारख्या अंतरावरच्या, पुन्हापुन्हा बुजवलेल्या भेगा आहेत. त्या खांबांच्या रेषेवरच आहेत, हे मेटल डिटेक्टर फिरवल्यावर निश्चित झाले. इतकी वर्षे या भेगा ‘गिलाव्याचा दोष’ म्हणून रंगाऱ्याकडे सोपवल्या जात होत्या.

लेंग कंपनीची ईझिफॉर्म घरे या जिल्ह्यात थोडीच आहेत. त्यांच्या भिंतीच्या दोन्ही पाती (आतला आणि बाहेरचा थर) जागेवर ओतलेल्या काँक्रीटच्या आणि मध्ये पोकळी असते. लोखंड खिडक्यादारांच्या वरखाली आडवे जाते, म्हणून भेग आली तर ती आडवी येते. एवढे ध्यानात ठेवले तरी ड्रिल न लावता निम्मे काम होते.

२७ फेब्रुवारी

नो-फाइन्सला कायद्याने सदोष म्हटलेले नाही, यावरून ‘तेथे काहीच करायला नको’ असा अर्थ बैठकीत कोणीतरी काढला. तो अर्थ चुकीचा आहे. आज सकाळी ज्या घरात होतो, तेथे लहान मुलाच्या खोलीत बाहेरच्या कोपऱ्यावर छतापासून दोन फूट खालपर्यंत काळ्या बुरशीचा पट्टा होता, आणि आईने पलंग खोलीच्या मध्यावर ओढून घेतला होता. तो पट्टा जेथे होता, तेथेच भिंतीच्या माथ्यावर घट्ट, लोखंडयुक्त काँक्रीटची कडी फिरते. सच्छिद्र भिंतीपेक्षा ती अधिक थंड असते आणि खोलीतील वाफ आधी तेथे पाणी होऊन बसते. दुसरी गोष्ट म्हणजे या भिंतीच्या पोकळ्यांमधून हवा हिंडते. बाहेरच्या गिलाव्याला तडा असला आणि आत विजेच्या खोक्याभोवती फट असली, तर वारा सुटल्यावर त्या खोक्यापाशी हात धरून पाहावे. झोत स्पष्ट लागतो. अटलांटिकवरून येणारा पाऊसवारा या किनाऱ्यावर आडवाच येतो, तेव्हा फुटका गिलावा म्हणजे भिंतीत थेट प्रवेश.

भाडेकरूंना ‘खिडक्या उघडा, कपडे घरात वाळवू नका’ अशी छापील पत्रके देण्यात आली आहेत. थंड कडीवर साचणारे पाणी पत्रकाने हटणार नाही. नो-फाइन्ससाठी बाहेरचे आवरण हाच योग्य उपाय आहे, अशी शिफारस आज निःसंदिग्ध शब्दांत लिहिली. अट एवढीच, की आवरण वळचणीच्या वर भिंतीच्या माथ्यापर्यंत आणि खाली जोत्यापर्यंत न्यावे, आणि सच्छिद्र भिंतीत आवरण धरून ठेवणारे अँकर (खिळे) कितपत धरतात हे प्रत्येक गटात ओढून तपासावे.

११ मार्च

आज कामाबाहेरचा, पण याच विषयाचा फोन आला. पुण्याकडचे एक तरुण दांपत्य येथे रुग्णालयात नोकरीला आहे, आणि त्यांना घर घ्यायचे आहे. “काका, घर भक्कम दिसतंय, किंमतही परवडते. मग बँक कर्ज का नाही म्हणते?” असे नवऱ्याने विचारले. त्याने पाठवलेल्या फोटोत जोडघराचा अर्धा भाग नव्या विटांचा होता आणि त्याने पाहिलेल्या अर्ध्या भागावर मूळ कॉर्निश युनिटचे खांब होते.

त्याला सविस्तर सांगितले, ते येथेही नोंदवतो, कारण इकडे घर घेणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांना स्वस्त दिसणारे घर पुष्कळदा असेच, एकेकाळी कौन्सिलचे असते. १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना आपले कौन्सिलचे घर विकत घेण्याचा हक्क दिला, आणि त्यानंतर थोड्याच काळात या पद्धतींचे दोष उघड झाले. तेव्हा १९८४ चा गृहदोष कायदा आला. पुढे त्याच्या तरतुदी १९८५ च्या गृहनिर्माण कायद्यात गेल्या. ज्या प्रकारच्या घरांचा दोष रचनेत किंवा बांधणीत आहे आणि तो सर्वांना कळल्यामुळे घरांची किंमत लक्षणीय घटली आहे, असे प्रकार सरकारने जाहीर केले. एअरी, कॉर्निश युनिट, वुलवे, युनिटी, वेट्स ही नावे त्या यादीत आहेत. २६ एप्रिल १९८४ पूर्वी सार्वजनिक संस्थेने विकलेल्या घरांच्या पात्र मालकांना दुरुस्तीच्या खर्चाच्या ९० टक्के अनुदान, किंवा निर्दोष घराच्या किमतीच्या ९५ टक्के देऊन पुनर्खरेदी, अशी मदत मिळाली. दुरुस्तीच्या आराखड्यांना परवाना देण्यासाठी पीआरसी होम्स ही कंपनी स्थापन झाली, आणि त्या परवान्यानुसार काम झाल्याचे प्रमाणपत्र हेच आजही कर्ज देणाऱ्या बँका मागतात.

म्हणजे यादीतले नाव प्रकाराविषयी बोलते, त्या एका घराच्या आजच्या स्थितीविषयी नाही. त्याचे घर उद्या पडणार आहे, असे मी म्हटले नाही. प्रमाणपत्र नसताना पुढच्या खरेदीदारालाही हीच बँक हेच उत्तर देईल, आणि शेजारच्या अर्ध्याची दुरुस्ती झाली म्हणून सामाईक भिंतीतल्या त्याच्या बाजूच्या खांबांचा निकाल लागत नाही, हे सांगितले. विक्रेत्याकडे प्रमाणपत्र आहे का ते वकिलामार्फत विचार, नसेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून पाहा, आणि तोवर एक पैसाही गुंतवू नको, एवढे मात्र ठामपणे म्हटले.

२६ मार्च

विटांनी सजलेल्या तीन घरांच्या माळ्यांवर गेलो. नोंदवहीत तिन्हींपुढे ‘दुरुस्त’ लिहिले आहे. दोन घरांत जुने खांब काढून आतली पात ब्लॉकची बांधलेली स्पष्ट दिसली आणि प्रमाणपत्रेही फाइलमध्ये मिळाली. तिसऱ्यात विटांच्या मागे एअरीचे खांब जसेच्या तसे उभे आहेत. वळचणीपाशी छपराचा भार अजूनही त्यांच्यावरच उतरतो, आणि विटांची भिंत केवळ पडद्यासारखी उभी आहे. बोरस्कोप (बारीक नळीच्या टोकाचा कॅमेरा) पोकळीत सोडल्यावर एका खांबाचा फुटलेला पाय आणि त्यावर पडलेला विटकामाचा चुना-सिमेंटचा लगदा दिसला, म्हणजे ओल आता बाहेरच्या विटांतून सरळ खांबापर्यंत पोहोचते. या घराची अवस्था उघड्या एअरीपेक्षा वाईट आहे, कारण ते कोरडेही राहिले नाही आणि दिसेनासेही झाले. येथे राहणाऱ्या वृद्ध जोडप्याला तात्पुरत्या घरात हलवण्याची आणि त्या कोपऱ्याला आधार देण्याची सूचना आजच पाठवली.

९ एप्रिल

नोंदवहीचा नवा नमुना संस्थेने स्वीकारला. आता प्रत्येक घरापुढे पद्धत आणि तिचा उपप्रकार, ती कशावरून ठरवली (खांब पाहून, ड्रिलने की नुसत्या बाह्यरूपावरून), कार्बोनेशन व कव्हर, क्लोराइडचे सर्वांत कमी व सर्वांत अधिक माप, ओलाव्याचा उगम आणि प्रमाणपत्राचा क्रमांक असे रकाने आहेत. बाह्यरूपावरून ठरवलेल्या घरांना निधी नाही, हा नियम मी आग्रहाने घालून घेतला.

आवरणाचे काम नो-फाइन्सच्या डाव्या ओळीपासून मे महिन्यात सुरू होईल. अँकरच्या ओढ-चाचण्या त्याआधी होतील. टोकाची सहा वुलवे घरे आणि सर्व एअरी घरे या टप्प्यातून वगळली आहेत. त्यांचे खांब काढून भार घेणारी नवी भिंत बांधायची की घर पाडून नवे उभारायचे, याचे दोन खर्च-आराखडे महिनाअखेर द्यायचे आहेत. कॉर्निश युनिटच्या पहिल्या प्रकाराबाबत कोपऱ्याच्या आणखी खांबांचे नमुने मागवले आहेत.